कवाल्याचा किल्ला उतरून आलेल्या नाथास

नाथा,

तुझा चुलतभाऊ किसन सकाळच्या गाडीनं बेलापूरहून नगरला आला आणि शाळेच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी वर्ग सोडून बाहेर आलो. हाताला खडू तसाच होता. तो म्हणाला, "मास्तर, नाथा गेला." त्यावर मी त्याला पहिली गोष्ट विचारली ती ही, की कशानं?

"तापानं," तो म्हणाला. "छाती भरली. डाक्टर आनला हुता, सुया दिल्या, पन उपेग न्हाई झाला."

मी पुन्हा विचारलं, नक्की तापानंच ना? किसन माझ्याकडे बघत राहिला. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की होय, तापानंच, घरात, बाजेवर, सगळ्यांच्या देखत.

तेव्हा मी फाटकाजवळच्या दगडावर बसलो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते नंतर, किसनला चहा पाजून स्टेशनवर पोचवून परत येताना. पण आधी आली ती सुटका. मित्र गेल्याची बातमी ऐकून माणसाला हायसं वाटावं, हे मी कुणाला सांगू? आमच्या पाळकांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली असती. बायकोला अर्धंच सांगितलं. म्हणून तुलाच सांगतो. तुला कळेल. कदाचित हे फक्त तुलाच कळेल.

चार वर्षं, नाथा, बेलापूरकडून कुणी येणार म्हटलं की मी स्टेशनवर जाऊन उभा राहायचो. माणूस गाडीतून उतरला की मी आधी त्याचं तोंड बघायचो. तू दसऱ्याला आलास, मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आलास, तरी तू दारातून आत येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नसे. आणि ते तुला मी एकदाही बोललो नाही.

आपली ओळख भरतीच्या वेळची. तू भावकीशी भांडून आलेला, मी मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकलेला. तुला खेचरांच्या कंपनीत घातलं, मला दवाखान्याच्या तुकडीत. जहाजावर मात्र एकत्रच लोटलं. पत्र लिहायला आणि वाचायला तू माझ्याकडे यायचास, म्हणून मी मास्तर झालो. खरा मास्तर मी पुढं झालो, पण नाव तू आधीच ठेवलंस.

इटलीतल्या चिखलाचं मी इथं काही लिहीत नाही. तू राणीला घेऊन डोंगर चढायचास, वर गोळ्या आणि भाकरी, खाली येताना जखमी. राणी म्हणजे तुझं खेचर, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं, कारण तू तिच्याबद्दल बोलायचास तेव्हा नवख्या माणसाला ती तुझ्या घरातली कुणी वाटायची. साऱ्या कंपनीत तिच्यासारखी पाठ दुसऱ्या जनावराची नव्हती. खोगिराखालची घोंगडी तू स्वतःच्या पांघरुणाआधी वाळवायचास.

मग आपल्याला ग्रीसमध्ये नेलं आणि तिथं तुझ्या बायकोच्या, साळूच्या, भावाचं पत्र आलं. तेही मीच वाचलं. गावात पटकीची साथ आली, साळू एका दिवसात गेली, तुझी आई वाचली. एवढंच. मी वाचून झाल्यावर तू म्हणालास, "बरं," आणि राणीला पाणी दाखवायला गेलास. त्या दिवसापासून तू बोलायचा थांबलास. काम करायचास, पण माणूस जसा दुसऱ्याचं काम करतो तसं. जेवण अर्धं टाकायचास. मी माझी वळकटी तुझ्या शेजारी आणून टाकली, कारण विचारलंस तेव्हा म्हणालो, तिकडे गळतं. गळत नव्हतं.

पंचेचाळीस साली थंडी सरता सरता आपण कवाल्याला पोचलो. समुद्रात घुसलेला एक डोंगर, त्यावर जुनं गाव आणि सगळ्यांच्या डोक्यावर किल्ला. तुर्कांनी कित्येक शतकं तिथं राज्य केलेलं. खाली बंदराच्या बाजूला तंबाखूच्या मोठमोठ्या वखारी, रिकाम्या. वर जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की लॉरी पहिल्याच वळणावर अडली. दगडी फरसबंदी, घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढं आलेले, खिडक्यांना लाकडी जाळ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याची टाकी आणि त्यांवर कोरलेली अक्षरं, आपल्याकडच्या दर्ग्यावर असतात तशी. वरच्या लोकांना पीठ आणि औषधं पोचवायची होती, म्हणून खेचरांची गरज पडली. पिठाबरोबर तू आणि राणी, औषधांबरोबर मी.

माल उतरवायचा होता तो एका लांबलचक जुन्या वास्तूत. छपरावर ओळीनं लहान लहान घुमट. दुभाष्या शिपाई म्हणाला, हिला इमारेत म्हणतात. मी तुझ्याकडे बघितलं. एरवी तू हसला असतास, कारण इमारतीला इमारतच म्हणणारं गाव एवढ्या लांब भेटलं होतं. तू हसला नाहीस. दुभाष्यानं सांगितलं की तुर्कांच्या वेळी इथं गोरगरिबांना जेवण मिळायचं, आणि आता इथं राहतात ते लोक वीस-बावीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, तुर्कस्तानातून आले. दोन सरकारांनी आपसांत ठरवलं की तुमचे तुम्ही घ्या, आमचे आम्ही घेतो, आणि लाखो माणसं घरदार सोडून निघाली. धर्मानं ख्रिस्ती, पण त्यातल्या कितीकांची घरची बोली तुर्की. तेव्हा ते ऐकून मी मान हलवली आणि पीठ मोजायला लागलो. आपल्याकडेही हे होईल, असं कुणाला वाटलं होतं!

माल उतरवून झाला तरी वेळ होता. मीच म्हणालो, चल, किल्ला बघून येऊ. राणीला अंगणात झाडाला बांधून आपण वर गेलो. दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं आपल्या पगड्या बघितल्या आणि आत सोडलं.

नाथा, मला तो किल्ला आवडला होता. आपला नगरचा किल्ला जमिनीवर बसलेला, भोवती खंदक, लांबून दिसतही नाही. हा मात्र आभाळात होता. पडक्या तटावर पिवळी फुलं आली होती. मधे एक गोल बुरूज आणि त्यावरून सगळा मुलूख दिसायचा: निळा समुद्र, त्यात एक डोंगराळ बेट, खाली लाल कौलं, आणि एका बाजूला कमानींवर कमानी रचून डोंगराचं पाणी गावात आणणारी ती उंच भिंत. मी कमानी बघत होतो. तुला म्हणालो, आपल्या नगरला निजामशाहीत जमिनीखालून खापरी नळ घातले, ह्यांनी वरून पाणी नेलं. मी वळून बघितलं तर तू तटाच्या काठावर उभा होतास. अगदी काठावर, बुटांची टोकं बाहेर.

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मास्तर, हितनं खाली किती आसंल?"

मी अजून तो आवाज विसरलो नाही. त्यात काहीच नव्हतं. विहिरीची खोली विचारावी तसा.

मी पुढं आलो नाही. आलो असतो तर तू दचकला असतास. मी जागेवरच बसलो आणि बोलत सुटलो. काय बोललो ते देव जाणे. मिशनशाळेत आमच्या मास्तरांनी सांगितलेलं सगळं बाहेर काढलं. निजामशाहीत नगरला एक रुमी माणूस आला होता, त्यानं एवढी मोठी तोफ ओतली की तिच्या तोंडात माणूस बसेल, आणि रुमी म्हणजे ह्याच तुर्कांच्या मुलखातला, म्हणजे बघ, इथून तिथं माणूस गेला होता, आणि आता तिथून आपण इथं. तू ऐकत नव्हतास. मग मी शेवटी किल्ल्याचंच बोललो, की आपल्या किल्ल्यात तर सध्या तुरुंग आहे.

त्यावर तू तोंड वळवलंस. "व्हय," म्हणालास. "देशाची मोठी मान्सं आपल्या किल्ल्यात कोंडलीत. आन ज्यांनी कोंडली त्यांचं पीठ आपन दुसऱ्याच्या किल्ल्यावर वाहतोय. तुमाला लाज न्हाई वाटत, मास्तर?"

ही आपली जुनी वादावादी. जहाजावर सुरू झालेली. मी म्हणायचो, पीठ भुकेल्या माणसाला जातंय, त्याला कुणाचा शिक्का आहे हे भुकेला बघत नाही. तू म्हणायचास, ख्रिस्ती माणूस साहेबाची बाजू घेणारच. त्यावर मी चिडायचो. त्या दिवशीही चिडलो, खरोखरीच चिडलो, भीती विसरून चिडलो, आणि तुला तोंडाला येईल ते बोललो. तूही बोललास. बोलता बोलता तू काठावरून दोन पावलं आत आलास. भांडायला माणसाला समोर तोंड लागतं. मी उठलो आणि भांडतच जिन्याकडे चालायला लागलो. म्हणालो, राणी तहानलेली आहे, तुझं काय ते खाली बोल. आणि तू माझ्यामागून उतरलास.

त्या वादाचा निकाल लागला नाही. पुढं देश स्वतंत्र झाला तरी लागला नाही. तू मला एकदा म्हणालास, "तुमी हरला न्हाई, मास्तर, पन जितलाबी न्हाई." तेच शेवटचं.

खाली अंगणात राणीजवळ एक म्हातारी उभी होती. काळा पोशाख, काळा रुमाल, कमरेत वाकलेली. तिनं राणीच्या खोगिराचा पट्टा सैल करून घोंगडी उचलली होती. आपल्याला बघताच ती तुझ्यावर धावून आली. तिच्या बोलण्यातला एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला: हायवान.

तुझं डोकं आधीच तापलेलं. "मला हैवान म्हनती का ही?" तू म्हणालास. एवढ्या दिवसांनी तुझ्या तोंडावर राग टिकून राहिलेला दिसला आणि मला बरं वाटलं.

पण ती तुला नव्हती म्हणत. तिच्या बोलीत हायवान म्हणजे जनावर. ती राणीकडे बोट दाखवत होती. मी जवळ गेलो. खोगिराखाली पाठ सोललेली होती आणि जखम चिघळली होती. कितीतरी दिवसांची. माशा बसत होत्या. म्हातारीनं तुझा दंड धरला, तुझं बोट त्या जखमेजवळ नेलं आणि म्हणाली, "ग्युनाह."

गुन्हा! हा शब्द तुला समजावून द्यावा लागला नाही.

तू कितीतरी वेळ नुसता बघत होतास. साऱ्या कंपनीत जिची पाठ सरस, तिची ही दशा, आणि रोज खोगीर चढवणारा तू. तू तिथंच, त्या फरसबंदीवर, राणीच्या पुढच्या पायांशी बसलास. साळूसाठी जे रडायचं राहिलं होतं ते तू तेव्हा रडलास. आजूबाजूच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या, बघून पुन्हा आत गेल्या. म्हातारी मात्र हलली नाही. तिनं तुला रडू दिलं आणि मग माझ्याकडे हात पसरून म्हणाली, "साबून."

माझ्या पिशवीत साबण होता. मी दिला. तिनं पाणी कोमट केलं आणि तुम्ही दोघांनी मिळून जखम धुतली. माझी पट्टी बांधायची विद्या तिनं चालू दिली नाही. पट्टी तुझ्याकडूनच बांधून घेतली.

तिचं नाव देस्पिना. तू तिला देशपांडीण म्हणायला लागलास आणि कंपनीभर तेच नाव झालं. राणीची पाठ बरी होईपर्यंत तू रोज वर जात होतास, पुढं पाठ बरी झाली तरी जात होतास. मला गंमत वाटायची. मी ख्रिस्ती, ते ख्रिस्ती. मला वाटलं होतं की तिथल्या लोकांशी माझं जमेल. रविवारी मी त्यांच्या देवळात गेलो, मेणबत्त्या, सोनेरी चित्रं, उदाचा धूर, सगळं परकं. पाळकानं माझ्याशी हात मिळवला आणि आम्ही दोघं हसत उभे राहिलो, बोलायला काही नाही. आणि तू इमारेतीच्या ओट्यावर देशपांडिणीशी तासन्‌तास गप्पा मारायचास, दुनिया आणि हवा आणि हिशेब आणि दुकान एवढ्या सारख्या शब्दांच्या भांडवलावर.

तिची कहाणी तूच मला सांगितलीस, तिच्या खुणांसकट. पलीकडे तिचा गाव होता, खेचरं होती, नवरा माल वाहायचा. निघायच्या धामधुमीत नवरा गेला. इकडे येऊन मुलगा वाढवला, तो तंबाखूच्या वखारीत लागला. लढाईच्या उपासमारीत तोही गेला. तू तिला विचारलंस, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "साबिर."

"सबुरी, मास्तर," तू मला म्हणालास. "आपल्या राहात्या-शिर्डीकडचा शब्द. हितं कसा आला?" आणि त्यावर तू हसलास. नाथा, ते पहिलं हसू. मी त्या दिवशी माझी वळकटी परत माझ्या जागी नेली.

नेली खरी, पण फार घाई केली असं महिन्याभरात वाटलं. कारण एका संध्याकाळी तू येऊन म्हणालास की तू परत येणार नाहीस. लढाई संपली होती, घरी जायची बोलणी चालू होती. तू म्हणालास, तंबाखूच्या वखारी सुरू होणार, काम मिळेल, देशपांडिणीच्या शेजारची खोली रिकामी आहे. मी म्हणालो, पलटणीतून पळालास तर पकडून नेतील. तू म्हणालास, डोंगर मोठा आहे. मी म्हणालो, आई? तू म्हणालास, तिला माझे भाऊ आहेत. मी म्हणालो, नाथा, घर ते घर. त्यावर तू उसळलास.

"घर मंजी काय, मास्तर? हिनं दोन डाव चूल मांडली. एक ततं, एक हितं. मी गावाला जाऊन कुनाच्या चुलीसमोर बसू? ती राख बघायला जाऊ व्हय?"

मी तुला परत आणलं नाही, हे मी आज स्पष्ट लिहून ठेवतो. गावात सगळे मला म्हणतात, मास्तर, तुम्ही त्याला सुखरूप आणलंत. मी आणलं नाही. निघायच्या सकाळी खेचरं आसपासच्या शेतकऱ्यांना देऊन टाकली गेली. राणी डोंगरामागच्या एका माणसाकडे गेली. तू तिला पोचवून सरळ वर, इमारेतीकडे गेलास. लॉरी उभी होती. हजेरी व्हायची होती. मला धावत वर जाता आलं असतं. मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, त्याला तिथं जगावंसं वाटत असेल तर तिथं जगू दे. जगला तर खरं. बेलापूरला येऊन विहीर शोधण्यापेक्षा कवाल्यात चूल मांडलेली बरी.

आणि तू उतारावरून खाली येताना दिसलास. काखेत गाठोडं. माझ्या शेजारी येऊन बसलास. काय झालं ते जहाजावर सांगितलंस. तू तिच्या दारात जाऊन उभा राहिलास, तिनं तुझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आना?" म्हणजे आई. आई आहे का? तू होय म्हणालास. खोटं बोलायला जीभ उचलली नाही म्हणालास. तिनं तुला वाळवलेल्या अंजिरांचं गाठोडं दिलं, "गित" म्हणाली, आणि दार लावलं.

"गित मंजी जा," तू म्हणालास. "दार लावून आत रडत आसंल म्हातारी." आणि मग अंजीर वाटलेस.

घरी येऊन तुझी आई तुला दोन वर्षं लाभली. तिनंच पारूवैनींना तुझ्या गळ्यात बांधलं. तू आधी नको म्हणालास, नंतर म्हणालास की पारू भांडखोर आहे, म्हणून चालेल. हे सगळं मी बघत होतो, तुझ्या लग्नात जेवलो, मुलीला मांडीवर घेतलं, तरी माझ्या डोळ्यांसमोरून ती बुटांची टोकं जात नव्हती. तू हसत असायचास आणि मी मनात म्हणायचो, हा हसतोय, पण एकटा असताना? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि तू ते आठवलंस, तर? म्हणून आपण पिकाचं बोलायचो, पाटाच्या पाण्याचं बोलायचो, त्या जुन्या वादाचं बोलायचो.

एकदाच तू आपण होऊन जवळ आलास. फाळणीनंतर सिंधकडचे लोक गाड्या भरभरून आपल्या जिल्ह्यात आले तेव्हा. बेलापूरच्या स्टेशनावर काही कुटुंबं उतरली. तू शेतावरून घरी जाताना त्यांना बघितलंस, बैलगाडी तशीच वळवलीस, घरातलं ज्वारीचं पोतं आणि जळण टाकून परत गेलास. पारूवैनी तुझ्यावर ओरडल्या की आपल्याला काय उरलं. मला हे त्यांनीच सांगितलं. पुढच्या वेळी तू नगरला आलास तेव्हा मी विचारलं. तू म्हणालास, "त्यात एक म्हातारी हुती, मास्तर. काय बोलत हुती कळंना. पन 'दुनिया' म्हनाली तवा कळलं." मग म्हणालास, "त्या दिशी किल्ल्यावर तुमी लई बडबडलासा."

मी म्हणालो, होय. तू मान हलवलीस. मला वाटतं तू तेव्हा आभार मानत होतास. आणि मी तेव्हा विचारू शकलो असतो. नाही विचारलं.

तुझ्या दहाव्याला मी बेलापूरला गेलो. घाटावरचं उरकलं, माणसं पांगली. पारूवैनी ओसरीत बसल्या होत्या, मुलगी मांडीवर झोपलेली. मी त्यांच्यासमोर बसलो आणि विचारलं, ताप कशानं आला?

त्यांनी कपाळाला हात लावला. "कशानं म्हंजी? भांडनानं, भावजी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटाच्या पाण्याची पाळी तुझी होती. शेजारच्या बाबूरावनं पहाटे बांध फोडून पाणी आपल्या उसाकडे वळवलं. एवढ्या थंडीत तू तसाच धावलास, पाटात उतरलास, फुटलेल्या ठिकाणी माती ओढायला लागलास. बाबूराव पलीकडून ओढतो, तू अलीकडून लोटतोस, दोघांच्या शिव्या गावापर्यंत ऐकू येत होत्या. ऊन येईपर्यंत तू गुडघाभर पाण्यात उभा होतास. गव्हाला पाणी मिळालं तेव्हाच बाहेर आलास. घरी आलास तो दात वाजवत, पण जिंकल्यासारखा. भाकरी मागितलीस. दुसऱ्या दिवशी अंग तापलं.

पारूवैनी सांगत होत्या आणि मी ऐकताना हसत होतो. मला हसू आवरेना. त्या रागावतील असं वाटलं, पण त्याही डोळे पुसता पुसता हसल्या. आजारातही तू त्यांना झोपू दिलं नाहीस म्हणाल्या. गव्हाची पाळी चुकवू नको, बाबूरावावर डोळा ठेव, वासराला वेसण घालायची राहिली आहे. काढा कडू आहे म्हणून तक्रार. डॉक्टर आले तेव्हा तू त्यांचा हात धरून ठेवलास.

मी विचारलं, तेव्हा तो काय म्हणाला? वैनी म्हणाल्या, काही नाही, आजारी माणूस म्हणतो तेच. मी म्हणालो, वैनी, नीट आठवून सांगा, जसंच्या तसं सांगा.

"म्हनाले, 'डाक्टर, मला बरं करा. माजं लई काम पडलंय.'"

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना त्यात विशेष काय ते कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ते आता तुझं आणि माझं राहू दे. नाथा, तू गेलास, आणि तुझ्यावाचून मला नगरच्या स्टेशनावर बघायला कुणाचं तोंड उरलं नाही. पण तू गेलास तो जायचं नव्हतं म्हणून भांडत गेलास. पाण्यासाठी, गव्हासाठी, औषधाच्या कडूपणासाठी भांडत गेलास. एवढ्या वर्षांची माझी भीती खोटी ठरवून गेलास. माणसानं मित्रासाठी ह्याहून काय करावं!

त्या रात्री मी ओसरीत झोपलो. माझ्या पद्धतीनं तुझ्यासाठी प्रार्थना केली, तू चिडवलं असतंस तरी केली. सकाळी उजाडताना अंगणात कुणी खाकरलं. मी उठून बघितलं तर बाबूराव, खांद्यावर खोरं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज ह्यांची पाळी हाय. पानी सुटलंय. मानूस लागंल म्हनून आलो." आत जाऊन मी पारूवैनींना सांगितलं. त्यांनी पदर खोचला. मग मुलीला शेजारणीकडे देऊन निघाल्या.

मी वहाणा काढून धोतर वर खोचलं. मला शेतातलं काही येत नाही, तुला ठाऊक आहे. वैनी बांधावर उभ्या राहून कुठलं दार आधी फोडायचं ते सांगत होत्या, बाबूराव माती ओढत होता आणि मी त्याच्यामागून वाफ्यावाफ्याला दारं धरत होतो. पाणी गार होतं, पाय बधिर झाले. गहू पोटरीत आलाय, ओंब्या बाहेर पडतील आता. माझं एक दार फुटलं तेव्हा बाबूरावनं तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि ती तुलाच दिल्यासारखी वाटली.

शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं, नाथा. ते बघूनच मी गाडी धरली.

तुझा,
शांतवन मास्तर